म्हणतोय का गातोय?

आमच्या आत्तीला मी परवा एका कार्यक्रमाला नेलं. सांगलीतच, कॉलेजच्या पोरांनी एका छोट्या हॉलमध्ये भरवलेला. मंचावर एक मुलगा हातात कागद न घेता कविता बोलत होता. शेजारी गिटारवाला. एक मुलगी लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं हातानं वाजवत होती, त्याला कहोन म्हणतात. मागं एक चित्रकार कविता चालू असतानाच कॅनव्हासवर रंग ओढत होता. पोस्टरवर लिहिलेलं, ‘स्पोकन वर्ड’. वीस मिनिटं आत्ती गप्प बसली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आरं, ह्यो म्हणतोय का गातोय?”

“बोलतोय, आत्ती.”

“मग बाजा कशाला लावलाय?”

मी भजनी मंडळात तीस वर्षं तबला वाजवतोय, तरी मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बसलो आणि जे सुचलं, आठवलं, शोधलं ते इथं लिहितोय. आत्तीसारखाच प्रश्न पडलेले बरेच जण असणार. मोबाईलवर असले व्हिडिओ आता सगळ्यांकडे येतात, आणि घरातली निम्मी माणसं “वा” म्हणतात तर निम्मी “ह्यात कविता कुठाय?” म्हणतात.

## आधी नावाचं बघू

स्पोकन वर्ड म्हणजे लोकांसमोर, कवीनं स्वतःच्या तोंडानं म्हणण्यासाठी रचलेली कविता. कविसंमेलनातला कवी घरी पूर्ण झालेली कविता वाचून दाखवतो. इथं ती म्हणेपर्यंत पूर्णच झालेली नसते. कुठं थांबायचं, कुठली ओळ पुटपुटायची, कुठं श्वास ऐकू येऊ द्यायचा, हे सगळं रचनेचाच भाग. यापुढं मी तिला बोलती कविता म्हणतो.

तिची एक चुलत बहीण आहे, ‘स्लॅम’. ती स्पर्धा. कवी बोलतात आणि प्रेक्षकांतून निवडलेली माणसं गुण देतात. शिकागोत १९८०च्या दशकात मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम मजुरानं ही सुरू केली आणि १९८६ पासून तिथल्या ग्रीन मिल नावाच्या क्लबात तिनं बस्तान बसवलं. आपल्याला तिच्यात फार शिरायचं नाही. कवितेला गुण देणं मला स्वतःला पटतही नाही.

आणि हे रॅप नव्हे. रॅपमधला शब्द तालावर स्वार असतो, ताल सुटला की रॅप पडलं. बोलत्या कवितेत नेमकं उलटं आहे, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

## बोलणं आणि गाणं यांच्या मधली पायवाट

बोलताना आपला आवाज सतत घसरत असतो, वर चढतो, खाली येतो, एका जागी ठरत नाही. गाताना तो एका सुरावर जाऊन थांबतो आणि तिथून दुसऱ्या सुरावर जातो. फरक एवढाच. पण हा फरक आपल्या डोक्यात वाटतो तेवढा पक्का नाही.

सांगलीच्या स्टँडवर उभं राहा. “कोल्हापूर कोल्हापूर कोल्हापूर” अशी हाळी चालू असते. पहिल्यांदा ती नुसती हाळी वाटते. पाच मिनिटांनी तिची चाल तुमच्या डोक्यात बसते आणि घरी जाऊन तुम्ही ती गुणगुणता. हळदीच्या सौद्यात बोली पुकारणाऱ्याचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९९५ साली हाच अनुभव आला. स्वतःच्या ध्वनिमुद्रित निवेदनातला एक तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा वाजत ठेवला होता. थोड्या वेळानं त्यांना कुणीतरी गातंय असं वाटायला लागलं. आवाजात काहीच बदललेलं नव्हतं, बदलला होता तो ऐकणारा कान. असं का होतं यावर नंतर बराच अभ्यास झाला. घरी करून बघा, पोराच्या बोलण्यातलं एक वाक्य मोबाईलवर दहा वेळा लावा.

म्हणजे पुनरावृत्ती झाली की बोलणं गाण्याकडं सरकतं. पोवाड्यातले झिलकरी “जी जी रं जी” करतात, बोलता कवी एकच ओळ चार वेळा परत आणतो, त्यामागं हेच आहे. आत्तीला प्रश्न पडला तो तिच्या कानांचा दोष नव्हता. तो मुलगा खरंच सीमेवर उभा होता.

आता लय आणि ताल. लय म्हणजे चालण्याचा वेग. ताल म्हणजे ठरावीक मात्रांनी परत तिथंच येणारं चक्र. जिथं ते परत येतं ती सम. आमचा भजनी ठेका आठ मात्रांचा. अभंगातल्या शब्दाला या चक्रात बसावंच लागतं. शब्द आखूड पडला तर आम्ही ताणतो, लांब झाला तर कोंबतो. “विठ्ठल”मधला “ठ्ठ” कधी अर्धी मात्रा खातो, कधी दीड. कुणाची तक्रार नसते, कारण गाण्यात मालक ताल आहे.

एसटी तिच्या वेळेला सुटते आणि धावत जाऊन ती धरायची असते. गाण्यातला शब्द असा एसटी धरतो. मी आत्तीला घेऊन गणपतीच्या देवळात चालत निघतो तेव्हा मामला वेगळा असतो. ती भाजीवालीशी बोलायला थांबली की मी थांबतो, पायरी आली की मी हात पुढं करतो, तिला दम लागला की मला काहीतरी सांगायचं सुचतं. माझी चाल तिच्या चालीनं ठरते. बोलत्या कवितेत शब्द ही आत्ती आणि वाद्य म्हणजे मी. शब्द स्वतःच्या वेळेनं चालतो आणि संगीताला त्याच्यासाठी थांबावं लागतं.

## मग वाजवणाऱ्यानं करायचं काय?

हे मी स्वतः मार खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी एका कवी मित्रानं मला साथीला बसवलं. शेताच्या वाटणीवरची कविता होती. मी केरवा धरला, छान लग्ग्या वाजवल्या, शेवटी तिहाई घेऊन समेवर आलो. टाळ्या पडल्या. मित्र बाहेर येऊन म्हणाला, “तबला झकास झाला. कविता कुणाला ऐकू आली का?”

ती का ऐकू आली नाही याला साधं कारण आहे. मराठीत शब्द कळतो तो बराचसा व्यंजनांवरून. वाटणी आणि वाढणी, खत आणि हत यांतला फरक स्वर सांगत नाहीत. कानाला व्यंजनं ओळखू येतात ती साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बऱ्यापैकी उंच पट्टीतल्या बारीक आवाजांवरून, आणि हे आवाज मुळातच अशक्त असतात. गिटारच्या तारा जोरात खरवडल्या किंवा तबल्याची चाटी, म्हणजे त्याची कडा, सतत वाजली की त्याच पट्टीत गर्दी होते आणि “त”, “ख”, “स” बुडून जातात. ऐकणाऱ्याला आवाज पोचतो, वाक्य पोचत नाही. साउंडवाला गिटारचा आवाज नुसता कमी करतो, पण खरी गरज असते ती वाजवणाऱ्यानं मधेमधे हात उचलण्याची.

शाहिरांनी हे केव्हाच ओळखलेलं दिसतं. डफाची थाप पडते आणि विरते, दोन थापांमध्ये शब्दाला मोकळी जागा राहते. तुणतुणं एकाच बारीक तारेवर गुणगुणत राहतं, शब्दाच्या अंगावर येत नाही. पेटीचं गणित थोडं अवघड. ती एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारते, घसरता येत नाही. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती त्यामागच्या कारणांत हेही एक होतं, की आपल्या गाण्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिच्यातून निघत नाही. बोलणारा आवाज तर सदैव मींडेतच असतो. त्याच्या खाली पेटीचे सूर बदलत गेले की मला तरी पायात खडे टोचल्यासारखं वाटतं. एकच सूर धरून ठेवला तर मात्र पेटी फार चांगली बसते.

सगळ्यात भली साथ तंबोऱ्याची, असं माझं मत. तो बनतो आमच्या शेजारी मिरजेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा तयार झाला तरी लगेच बोलत नाही. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तिचा पृष्ठभाग जुळवावा लागतो, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवून अशा जागी आणतात की तारेतून भरलेला, झणझणता नाद उठतो. याला जवारी लावणं म्हणतात. धागा केसभर इकडंतिकडं झाला की नाद मेला. कवितेखाली संगीत ठेवायचं ते या धाग्यासारखं. दिसत नाही, स्वतः वाजत नाही, पण काढलात तर तार सपाट होते.

अर्थात हा एक प्रकार झाला. दुसऱ्यात वाद्य कवितेच्या विरामात उत्तर देतं, कवी थांबला की बासरी चार सूर बोलते. तिसऱ्यात खाली ठेका चालूच असतो आणि कवी त्याला न जुमानता त्याच्यावरून चालतो, कधी समेवर सापडतो, कधी मुद्दाम चुकवतो. हा सगळ्यात अवघड, कारण कवीला ताल कळावा लागतो आणि तो मोडायचं धाडसही लागतं. परवाच्या पोरांनी तिन्ही करून पाहिले. त्यांचा तिसरा फसला, पण फसला तो चांगल्या ठिकाणी.

## “हे परदेशी खूळ आहे”

नाव परदेशी आहे, यात वाद नाही. पण शब्द एकाचा आणि सूर दुसऱ्याचा, दोघांनी मिळून लोकांसमोर उभं राहायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. होनाजी बाळा हे एका माणसाचं नाव आहे असं कितीतरी जणांना वाटतं. ती जोडी आहे. होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा करंजकर गायचा. पाटीवर दोघांचं नाव एकत्र, ही गोष्ट आजच्या पोस्टरवाल्यांनी शिकण्यासारखी आहे.

वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. कुलकर्ण्याच्या घरातला हा कवी लिखाण पाठवून घरी बसला नाही, फडात जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या लावण्या पवळाबाईच्या पायांतून आणि गळ्यातून महाराष्ट्रभर गेल्या. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. तिथं शब्द एकाचा, पहाडी आवाज दुसऱ्याचा, आणि समोर गिरणीतले कामगार. सांगलीतच विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपापलं भाषण आयत्या वेळी बोलायची. बोलणं आणि गाणं यांची वाटणी त्या मंचावर रोज नव्यानं होत होती. कटाव नावाचा प्रकार तर निम्मा बोलताच. अमृतरायांनी तो गाजवला, झपझप अनुप्रास फेकत जायचं, सूर नावाला.

उलट बाजूही सांगतो, कारण “आमच्याकडं सगळं आधीच होतं” हे ऐकायचा मला कंटाळा आहे. शाहीर बहुतेक वेळ तालातच असतो. तो शिवाजी महाराजांचं सांगतो, दुष्काळाचं सांगतो, गावाचं सांगतो. परवाचा मुलगा स्वतःच्या बापाशी झालेल्या भांडणाबद्दल बोलत होता, मुक्तछंदात, म्हणजे ठरलेल्या वृत्ताशिवाय. असं खासगी दुःख शंभर अनोळखी लोकांसमोर, साथीला वाद्य घेऊन, आपल्या जुन्या फडात कुणी उभं राहून सांगितलं नसतं. तेवढं नवं आहे.

वस्तू इकडून तिकडं जातातच. पेटी युरोपातून आली आणि आपल्या भजनात मुरली. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात राहिला, इथून पेटी घेऊन गेला आणि तिकडं कविता म्हणताना मांडीवर ती घेऊन बसायला लागला. आता हे खूळ कुणाचं म्हणायचं?

## लंडनमधला एक शाहीर

संगीताबरोबरची बोलती कविता किती लांब जाऊ शकते याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण म्हणजे लिंटन क्वेसी जॉन्सन. जन्म जमैकात, १९५२ चा. अकराव्या वर्षी लंडनला आला. ब्रिक्स्टन भागात काळ्या पोरांना पोलीस नुसत्या संशयावरून उचलत, त्याबद्दल त्यानं लिहिलं, आणि शाळेतल्या इंग्रजीत लिहिलं नाही. जमैकाची माणसं घरी बोलतात त्या बोलीत, तशाच शुद्धलेखनात लिहिलं. आपल्याकडं कुणी माणदेशी बोलीत, “हुतं-न्हवतं”सकट, पुण्याच्या मंचावर उभं राहावं तसं.

जमैकात तेव्हा ‘डब’ नावाचा प्रकार होता. स्टुडिओतला माणूस तयार गाणं घ्यायचा, त्यातला गायकाचा आवाज काढून टाकायचा, ढोल आणि बास गिटार एवढंच ठेवायचा आणि त्याला घुमारा द्यायचा. गाणं असं रिकामं केलं की त्या रिकाम्या जागेत कुणीतरी माईकवर बोलायचं. म्हणजे आधी जागा करून दिली, मग शब्द आला. जॉन्सनची कविता या रिकाम्या जागेच्या मापानं घडली, म्हणून तिला डब पोएट्री म्हणतात. त्याचं ‘ड्रेड बीट अँड ब्लड’ हे पुस्तक १९७५ ला आलं आणि तिची ध्वनिमुद्रिका १९७८ ला, डेनिस बोव्हेल या बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या वादकाबरोबर. पुढं ही जोडी कित्येक वर्षं टिकली. ऐकून बघा. बास गिटार खाली जमीन दाबत चाललेली असते, आणि हा माणूस ओरडत नाही, गात नाही, तक्रार नोंदवायला आल्यासारखा शांतपणे बोलतो. त्या शांतपणानंच अंगावर काटा येतो. वाद्यांशिवाय नुसती कविता म्हणायलाही तो तितक्याच सहज उभा राहतो.

## “कागदावर वाचली की पडते”

हा आक्षेप सगळ्यात जोरदार आहे, आणि निम्मा खराही आहे. परवाच्या कार्यक्रमातल्या सहा कवितांपैकी चार कागदावर आणल्या तर राम म्हणतील. गिटारच्या दोन उदास सुरांखाली कुठलंही वाक्य खोल वाटतं. “आज दूध नासलं” हेसुद्धा. म्हणून माझी स्वतःची एक कसोटी आहे: वाद्य बंद करा आणि त्याच माणसाला तीच कविता म्हणायला लावा. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि आपल्या कऱ्हाडात जन्मलेले वसंत बापट या तिघांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर हिंडून कविता ऐकवल्या, साथीला काहीही न घेता. भरलेली सभागृहं नुसत्या आवाजावर धरली. ज्याला तेवढं जमतं त्यानं मग खुशाल वाद्य घ्यावं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ २००३ पासून चालला त्यातही कविता नुसती म्हणून दाखवायच्या जागा होत्या, आणि लोक गाण्याइतकीच त्यांची वाट बघायचे.

पण कागदावर पडते म्हणून कविता नव्हेच, हे मी मानत नाही. कागद हा एकच परीक्षक कधी नेमला आपण? लिंटन क्वेसी जॉन्सनचं बोलतं काव्य २००२ मध्ये पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालेत छापलं गेलं, तिथं स्थान मिळालेला तो दुसराच हयात कवी. म्हणजे दोन्ही परीक्षा देणारे असतात. आणि सातशे वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या शेवटी आपल्या ओवीबद्दल सांगून ठेवलंय, की गायली तर ती मिरवते आणि गाण्याशिवायही रंग दाखवते. आमच्याकडं पारायणात ज्ञानेश्वरी वाचतात ती धड गाणं नसते आणि धड वाचनही नसतं. आत्तीनं तिथं कधी विचारलं नाही, म्हणतोय का गातोय म्हणून.

## चित्रकार तिथं काय करतो?

खरं सांगायचं तर बऱ्याचदा लक्ष विचलित करतो. पण कल्पना जुनी आणि चांगली आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी बघा: चित्रांची पोथी समोर धरायची, एकेक पान बदलायचं, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथा सांगायची. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनंही करत. चित्रकथीत चित्र आधी तयार असतं आणि शब्द ते उलगडतो. मंचावर आयत्या वेळी काढलेल्या चित्रात शर्यत लागते, कविता तीन मिनिटांत संपते आणि रंग ओलाच असतो.

## हे शेवटी कुणाच्या मालकीचं?

कार्यक्रम झाल्यावर ती पोरं चहा पिताना भांडत होती. व्हिडिओ कुणाच्या चॅनलवर टाकायचा यावरून. मला वाटतं या सगळ्या विषयात सर्वात कमी समजलेली गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर.

ऊस शेतकऱ्याचा, गुऱ्हाळ दुसऱ्याचं, आणि गुळाची ढेप पेठेत विकणारा तिसरा. ढेप गुऱ्हाळात झाली म्हणून शेत गुऱ्हाळवाल्याचं होत नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि तो असंच बघतो. शब्द ही एक वस्तू, तिचा मालक कवी. संगीत ही दुसरी, तिचा मालक संगीतकार. कायद्यातल्या संगीताच्या व्याख्येत शब्द धरलेलेच नाहीत. ध्वनिमुद्रण ही तिसरी, तिचा मालक साधारणपणे ते पैसे घालून करवून घेणारा. तिन्हीवर वेगवेगळी कुलपं. शिवाय मंचावर जो बोलला आणि जे वाजवत होते त्यांना सादरकर्ते म्हणून आपापला हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. म्हणजे कवीच्या खिशात दोन किल्ल्या: एक लिहिल्याची, एक म्हटल्याची.

संगीत लिपीत लिहिलेलं नसेल तर? आपल्याकडं कोण लिहितं! पूर्वी व्याख्येत लिपीची अट होती, १९९४ च्या दुरुस्तीनं ती गेली. नोंदणी केली नाही तर? कॉपीराइट नोंदणीनं जन्माला येत नाही, निर्मितीनं येतो. नोंदणीचा उपयोग भांडण झालं तर पुराव्याला.

कंपनीनं “सगळे हक्क आम्हाला द्या” म्हटलं तर? हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं एक मोठी गोष्ट केली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी बराच आवाज उठवला होता. हक्क विकले तरी ध्वनिमुद्रणाच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या मानधनातला समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांच्याकडून काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा त्यांच्या हक्कसंस्थेलाच देता येतो. पोरांनी सही करण्याआधी एवढं एक वाक्य जरी लक्षात ठेवलं तरी पुरे.

चित्राचं थोडं वेगळं. कॅनव्हास कुणी विकत घेतला म्हणून कॉपीराइट त्याच्याकडं जात नाही. पण आयोजकानं पैसे ठरवून चित्र काढूनच घेतलं असेल आणि दुसरा करार नसेल, तर पहिला मालक आयोजक ठरतो. चित्रकारांनी हे आधी बोलून घ्यावं.

जुन्या कवीची कविता घेऊन वाजवायची तर हिशोब सोपा आहे. कवी गेला त्याच्या पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, म्हणजे केव्हाच मोकळे. साताऱ्याजवळच्या मर्ढे गावचं नाव लावणारे बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, २०१७ पासून त्यांच्या कविता कुणीही घेऊ शकतो. गंमत म्हणजे आकाशवाणीत नोकरी करताना त्यांनी स्वतः संगीतिका लिहिल्या होत्या, त्यामुळं त्यांच्या ओळींखाली कुणी वाद्य ठेवलं तर त्यांना फारसं वावगं वाटलं नसतं. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबायचं किंवा परवानगी घ्यायची. माडगुळ्याचे गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे २०३७ अखेर.

पोरांना मी एवढंच सुचवलं, की भांडण मिटवायच्या आधी एका कागदावर चार नावं लिहा, कोणी काय केलं ते लिहा आणि चौघांनी सह्या करा. त्यांनी ते केलं की नाही माहीत नाही. चहाचे पैसे मीच दिले.

## आत्तीचं उत्तर

घरी परत येताना मी रिक्षात आत्तीला यातलं थोडंफार सांगायचा प्रयत्न केला. जवारी, सम, व्यंजनं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “मग आमच्या जात्यावरच्या ओव्या काय हुत्या?” जात्यावर बसून गायलेल्या अशा ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी लाखाच्या वर गोळा केल्या, त्यातल्या कैक आता घरबसल्या ऐकताही येतात, हे मी तिला सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. “लाख? आमच्या वाड्यात एका पहाटंला निगायच्या.”

मग मी म्हटलं, एक म्हण. जातं तर घरात तीस वर्षं नाही. तिनं पदर सारखा केला, रिक्षाचा दांडा धरला आणि भावाची एक ओवी म्हटली. धड गायली नाही, धड बोललीही नाही. प्रत्येक ओळीनंतर ती बरोबर तेवढाच वेळ थांबत होती. दुसऱ्या ओवीला मी बघितलं, थांबली की तिची उजवी मूठ किंचित उघडत होती. जात्याच्या तोंडात वैरण टाकायला.